शिकागोचं 'क्लाउड गेट': फोटो काढून झाल्यावर जरा थांबा

मिशिगनकाठ

शिकागोला आलेला पाहुणा 'बीन' बघितल्याशिवाय परत जात नाही. पण बहुतेकांचं बघणं म्हणजे काय, तर समोर उभं राहायचं, मोबाइल वर धरायचा, आपलं फुगलेलं प्रतिबिंब टिपायचं आणि कारंज्यांकडे निघायचं. इतकं मोठं काम असं भरभर उरकलं जातं याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हा धागा काढतोय.

आधी थोडी माहिती. शिल्पाचं खरं नाव 'क्लाउड गेट'. शिल्पकार अनिश कपूर, जन्म १९५४, मुंबई. जागा मिलेनियम पार्क, अगदी डाउनटाउनमध्ये. लांबी ६६ फूट, उंची ३३ फूट, रुंदी ४२ फूट, वजन सुमारे १०० टन. स्टेनलेस स्टीलचे १६८ पत्रे जोडून बाहेरचं कवच केलंय, आणि त्यावर एकही सांधा दिसत नाही. कपूर यांना पाऱ्याच्या थेंबावरून ही कल्पना सुचली. 'बीन' हे लोकांनी पाडलेलं नाव. कपूर यांना ते सुरुवातीला मुळीच आवडलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. बाहेरून बघताना शिल्पाच्या जवळजवळ तीन चतुर्थांश भागावर आकाशच दिसतं. ढग सरकले की शिल्प बदलतं. खालच्या भागात मिशिगन अॅव्हेन्यूवरच्या इमारती वाकून आलेल्या असतात आणि सगळ्यात खाली आपण, बोटभर उंचीचे. मोबाइलमध्ये आपण स्वतःला मोठं करून घेतो, त्यामुळे हे प्रमाण लक्षातच येत नाही. फोन खिशात ठेवून बघितलं तर आधी आकाश, मग शहर, मग माणूस, हा क्रम स्वच्छ दिसतो.

मग कमानीतून आत जा. कमान १२ फूट उंच आहे, पण आत शिरल्यावर वरचा भाग खोल होत जातो आणि मधोमध छत २७ फुटांवर पोचतं. या खोलगट भागाला 'ऑम्फॅलॉस' म्हणतात, म्हणजे नाभी. इथे मान वर केली की प्रतिबिंबांचं गणित पार विस्कटतं. एकच माणूस तीन-चार ठिकाणी दिसतो. एका ठिकाणी उभा, एका ठिकाणी उलटा, एका ठिकाणी लांबच लांब ओढल्यासारखा. तुम्ही एक पाऊल पुढे टाकलंत की त्यातला एक तुमच्याकडे येतो आणि दुसरा लांब जातो. हात हलवल्याशिवाय आपण नक्की कोणते हे ओळखता येत नाही. त्यामुळे तिथे सगळेच हात हलवत असतात, अनोळखी माणसंसुद्धा एकमेकांना. बाहेर शहराचं चित्र दाखवणारी ही वस्तू आत आल्यावर दिशाच काढून घेते. माझ्या मते शिल्पाचा जीव या पोटात आहे.

ज्यांनी बघितलंय त्यांनी आपला अनुभव लिहा. नावडलं असेल तर तेही लिहा, फक्त का ते सांगा.

रेवती_द

छान धागा! मी शिकागोचं पाहिलेलं नाही, पण २०१० च्या शेवटी वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत कपूर यांचं प्रदर्शन भरलं होतं, ते बघितलंय. भारतातलं त्यांचं ते पहिलं मोठं प्रदर्शन, मुंबईत आणि दिल्लीच्या एनजीएमएमध्ये, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, एकाच वेळी. मेहबूबमध्ये एक तोफ होती. त्यातून लाल मेणाचे गोळे भिंतीच्या कोपऱ्यात मारायचे. प्रत्येक वेळी जो आवाज व्हायचा त्याने पोटात धस्स व्हायचं. कोपऱ्यात मेण साचून साचून मोठा ढीग झाला होता. त्याच प्रदर्शनात चकचकीत स्टीलचे आरसेही होते. एकाच माणसाला इतकं रक्ताळलेलं आणि इतकं स्वच्छ असं दोन्ही सुचतं, याचं मला तेव्हा फार नवल वाटलं होतं.

आणि पुण्याशीही नातं आहे त्यांचं. त्यांची आई बगदादी ज्यू घराण्यातली. आईचे वडील पुण्याच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना गायचे.

नानाकाका_पार्लेकर

मुलाकडे आलो असताना बघितलं. प्रामाणिकपणे लिहितो. मला तो एक मोठा, उत्तम केलेला आरसा वाटला. गंमत वाटली, नातवंडं खूश झाली. पण कला म्हणजे कलाकाराने काहीतरी सांगायला हवं. इथे कलाकार काहीच सांगत नाही, समोर जे असेल ते परत दाखवतो. मेळ्यातल्या आरशांच्या तंबूत आणि यात फरक काय, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. शिवाय खर्च २ कोटी ३० लाख डॉलर! सुरुवातीचा अंदाज ६० लाखांचा होता असं वाचलं. चौपट वाढ कुठल्या हिशेबात बसते?

मिशिगनकाठ

काका, मोकळेपणाने लिहिलंत, बरं वाटलं.

खर्चाचं आधी. आकडा बरोबर आहे. पण तो पैसा करातून आलेला नाही. व्यक्तींनी आणि कंपन्यांनी दिलेल्या देणग्यांतून हे शिल्प झालं.

तंबूतल्या आरशाबद्दल. त्या आरशात तुम्ही एकटे असता आणि तो तुम्हाला जाड किंवा बारीक दाखवून मोकळा होतो. एका जागी एकच खेळ. क्लाउड गेटभोवती चालत गेलात की एकच अखंड पृष्ठभाग बाहेरून फुगीर, कमानीपाशी वळलेला आणि आत खोलगट होत जातो, आणि प्रत्येक वळणावर जग वेगळं वागतं. ते वळण किती ठेवायचं, कुठे आत घ्यायचं, हेच शिल्पकाराचं सांगणं आहे. मूर्तीच्या गालाची गोलाई जशी कुणीतरी ठरवलेली असते तशी ही गोलाईही ठरवलेली आहे. ती थोडी जरी चुकली असती तर पोटातली ती खोली तयारच झाली नसती.

आर्गॉन

एरवी वाचनमात्र असतो, पण हा विषय माझ्या धंद्याचा आहे. आमचं एसएस (स्टेनलेस स्टील) फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, डेअरीच्या टाक्या वगैरे. खर्च चौपट का झाला ते मी सांगतो.

स्टेनलेसला वेल्डिंग करायचं म्हणजे मुख्य लढाई उष्णतेशी. साध्या लोखंडापेक्षा हे स्टील तापल्यावर जास्त प्रसरण पावतं, आणि उष्णता मात्र पटकन पुढे नेत नाही. सगळी धग जॉइंटपाशी साठते आणि पत्रा भाजलेल्या पापडासारखा वेडावाकडा होतो. टाकीला थोडी लहर आली तर चालतं, आत दूधच जायचंय. पण मिरर फिनिशमध्ये केसभर खळगाही लपत नाही. डोळ्याला पृष्ठभाग सपाट वाटतो, पण त्यातलं प्रतिबिंब हलतं. इमारतीची सरळ रेघ तिथे येऊन थरथरते.

इथे पत्रा १० मिमी जाडीचा होता. एकेक पॅनेल साडेचारशे ते नऊशे किलोचं. ऑकलंडच्या, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या, परफॉर्मन्स स्ट्रक्चर्स या कंपनीने ते वळवले. कॉम्प्युटर मॉडेलवरून माप, इंग्लिश व्हीलवर (दोन चाकांमध्ये दाबून पत्रा वळवायचं यंत्र) वळण आणि पुन्हा स्कॅन करून तपासणी. पत्रे जवळपास पूर्ण पॉलिश करून, वर पांढरी फिल्म लावून ट्रकने शिकागोला आणले. साइटवर एकही पत्रा कापावा किंवा घासावा लागला नाही, इतके ते तंतोतंत बसले. वर्कशॉपमध्ये उभं राहून काम केलेल्या माणसालाच या वाक्याची किंमत कळेल.

जोड 'कीहोल' पद्धतीने केले. त्यात आर्क, म्हणजे वेल्डिंगची विजेची ज्योत, पत्र्याच्या आरपार भोक पाडतो आणि तो पुढे सरकला की मागे वितळलेला धातू ते भोक बुजवत येतो. एका पासमध्ये पूर्ण जाडी जुळते, त्यामुळे धग कमी लागते. अशा जोडांची एकूण लांबी ७४४ मीटर.

आणि मग खरं काम. ७४४ मीटर जोड पुसून टाकायचे, आणि तेही हाताने. आधी वरचा उंचवटा कापायचा, मग आकाराला आणायचा, मग वळणात मिसळवायचा, मग बारीक करायचा, शेवटी पॉलिश. प्रत्येक जोडाला या पाच पायऱ्या. सहा मजली स्कॅफोल्डिंग उभारून आणि जिथे तेही पोचत नव्हतं तिथे दोरावर लटकून ही कामं झाली. बफ (पॉलिशचं फिरतं चाक) थोडा जास्त दाबला तर खळगा पडतो, कमी दाबला तर रेघ राहते. मशीन हे ठरवू शकत नाही. तळहात फिरवून बघावं लागतं, तिरप्या उजेडात बघावं लागतं.

मिशिगनकाठ

@आर्गॉन, या प्रतिसादासाठी मनापासून आभार!

यातच भर घालतो. जुलै २००४ मध्ये पार्क लोकांसाठी उघडलं तेव्हा शिल्प अर्धवटच होतं. सगळे जोड दिसत असताना लोकांनी ते पाहिलं. जानेवारी २००५ मध्ये पुन्हा तंबू ठोकून ते झाकलं आणि लोहकामगारांच्या युनियनमधली २४ जणांची तुकडी जोड घासायला लागली. ऑगस्टमध्ये बाहेरचा भाग मोकळा झाला. त्यानंतर पोटातला भाग बंद ठेवून तिथलं पॉलिशिंग केलं, आणि औपचारिक समर्पण झालं १५ मे २००६ ला.

मला यातलं सगळ्यात जास्त भिडतं ते हे की कामगारांनी जितकं चोख काम केलं तितकी त्यांची खूण पुसली गेली. त्यांनी काय केलं याचा पुरावा म्हणजे तिथे काहीच दिसत नाही. म्हणून मी पाहुण्यांना मुद्दाम सांगतो, एक जोड शोधून दाखवा. पाच मिनिटं शोधतात, सापडत नाही, आणि मग ते शिल्पाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात.

पूर्वा_एस

मला वेगळ्याच गोष्टीवर बोलायचंय. शिल्प सार्वजनिक बागेत आहे, पण त्याच्या प्रतिमेचा हक्क शिल्पकाराकडे आहे. २००५ च्या सुमाराला तिथले सुरक्षारक्षक व्यावसायिक फोटोग्राफरना परवाना मागून अडवायचे आणि त्यावरून बरीच ओरड झाली होती. आपल्यासारख्या हौशी लोकांना कुणी अडवत नाही, पण तत्त्व म्हणून मला हे खटकतं. ज्या वस्तूत शहर आणि शहरातली माणसं हेच दिसतं, तिचं चित्र एका माणसाच्या मालकीचं कसं? आणि हेच गृहस्थ २०१६ मध्ये व्हँटाब्लॅक या अतिकाळ्या लेपाचे कलेसाठीचे हक्क एकट्याकडे घेऊन बसले. जगभरचे चित्रकार त्यावरून रागावले होते आणि मला तो राग रास्त वाटतो.

कोरा_कॅनव्हास

पूर्वाताई, तुमचा मुद्दा पटतो, पण दुसरी बाजूही बघा. अमेरिकेतल्या बंदूकवाल्यांच्या संघटनेने, एनआरएने, आपल्या एका प्रचारफितीत क्लाउड गेटचं दृश्य विचारल्याशिवाय वापरलं होतं. २०१८ मध्ये कपूर कोर्टात गेले आणि ते दृश्य काढायला लावलं. हक्क नसता तर हे करता आलं नसतं.

शिकागोतच याच्या अगदी उलट उदाहरण आहे. डेली प्लाझामधलं पिकासोचं शिल्प, १९६७ मधलं, ५० फूट उंच, गंजाच्या रंगाचं. पिकासोने त्याचे पैसे घेतले नाहीत, शहराला भेट म्हणून दिलं. त्याला नावही दिलं नाही. पुढे १९७० मध्ये कोर्टाने निकाल दिला की या शिल्पाचा कॉपीराइट कुणाचाच नाही, ते सर्वांचं. तेव्हा लोकांनी त्याला नावं ठेवली होती, माकड की पक्षी की बाई असे वाद घातले होते. आज तिथली मुलं त्याच्या उतारावर घसरगुंडी खेळतात. शेजारच्या फेडरल प्लाझात अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डरचा लालभडक 'फ्लेमिंगो' आहे, १९७४ चा. म्हणजे क्लाउड गेट आलं तेव्हा या शहराला अमूर्त शिल्पासोबत राहायची चाळीस वर्षांची सवय झाली होती. शिल्प उभं करणं सोपं, सवय लावणं कठीण.

आपल्याकडे हे बघून जीव तुटतो. शिल्पकार पिलू पोचखानावाला यांनी मुंबईत अमूर्त शिल्पकला रस्त्यावर आणायचा किती प्रयत्न केला. हाजी अलीच्या चौकातलं त्यांचं 'स्पार्क' तिथून काढलं गेलं. आपल्या चौकात उभं राहायला पुतळाच हवा असतो, आणि तो कुणाचा हे आधी कळायला हवं असतं. ज्याला डोळे-नाक नाही, ज्याची जयंती नाही, त्याच्या बाजूने बोलायला कुणी नसतं.

नानाकाका_पार्लेकर

आर्गॉन यांचा प्रतिसाद मुलाला वाचून दाखवला. आम्हा दोघांनाही हे माहीत नव्हतं. कामाबद्दल माझ्या मनात आता पूर्ण आदर आहे.

तरी माझी शंका फिटलेली नाही. कष्ट मोठे म्हणून कलाकृती मोठी ठरत नाही. आणि 'सर्वांना आवडतं' हेही मला पुरेसं वाटत नाही. 'स्पार्क'साठी कुणी रडलं नाही आणि बीनसमोर रोज गर्दी, याचं एक कारण मला असं दिसतं की बीनमध्ये प्रत्येकाला स्वतःचा चेहरा दिसतो. ज्यात आपण दिसत नाही त्या शिल्पावर माणसं प्रेम करतील तेव्हा मी म्हणेन, सवय लागली. पिकासोचं उदाहरण त्या दृष्टीने मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

कोरा_कॅनव्हास

काका, शेवटच्या परिच्छेदाला शंभर टक्के अनुमोदन.

स्थापत्य_नी

मी स्ट्रक्चरल बाजूची, म्हणून थोडं जमिनीखालचं लिहिते. मिलेनियम पार्क ही खरी जमीन नाहीच. जिथे पूर्वी रेल्वेचं यार्ड होतं त्यावर आणि पार्किंगच्या गॅरेजवर घातलेलं ते एक प्रचंड छत आहे, साडेचोवीस एकरांचं. शिल्पाच्या प्लाझाखाली रेस्टॉरंट आहे. १०० टन एका ठिकाणी ठेवायचे म्हणजे खालचं सगळं नव्याने तपासावं लागलं. वजनाचा बराचसा भार रेल्वेचे रूळ आणि गॅरेज यांच्या मधली भिंत घेते, आणि ती बाजूला सरकू नये म्हणून तिला टाय-रॉड, म्हणजे ताणून धरणाऱ्या सळया, लावून बांधलंय.

दुसरं म्हणजे शिकागोची हवा. जानेवारीत उणे वीस सेल्सिअसपर्यंत पारा उतरतो, उन्हाळ्यात ऊन स्टीलवर तळपतं. इतकं मोठं कवच आकसणार आणि फुगणार. आतल्या सांगाड्याला पक्कं जखडलं असतं तर कुठेतरी पोचा आला असता, आणि आर्गॉन म्हणाले तसं इथे पोचा लपत नाही. म्हणून आतल्या दोन मोठ्या कड्या एकमेकींपासून सुट्ट्या हलतात आणि कवच त्यांच्यापासून सुटं हलतं. ही रचना हजार वर्षं टिकेल अशा हिशेबाने केलीय.

आणि रोजची निगा वेगळीच. खालचे सहा फूट, जिथवर लोकांचे हात पोचतात, ते दिवसातून दोनदा पुसतात. वर्षातून दोनदा अख्खं शिल्प ४० गॅलन, म्हणजे सुमारे दीडशे लिटर द्रव साबणाने धुतात. २००९ मध्ये कुणीतरी त्यावर नावं कोरली होती, तीही घासून काढली. आपल्याकडे शिल्प का टिकत नाही याचं उत्तर मला या वाक्यांत दिसतं. उद्घाटनाचा खर्च सगळे करतात, पुसायच्या फडक्याचा खर्च कुणी मंजूर करत नाही.

रेवती_द

@स्थापत्य_नी, ते पुसण्याचं वाचून फार छान वाटलं. म्हणजे दिवसभर हजारो माणसं हात लावणार हे गृहीत धरलंय आणि 'हात लावू नये' अशी पाटी लावण्याऐवजी पुसणारी माणसं ठेवलीत.

गोदाकाठची

सगळा धागा एका बैठकीत वाचला. सप्टेंबरमध्ये सासूबाईंना घेऊन शिकागोला जायचंय. त्यांचे गुडघे दुखतात, जिने जमत नाहीत. तिथे पायऱ्या बऱ्याच आहेत का? आणि गर्दी नसलेली वेळ कोणती? मध्यंतरी प्लाझा बंद आहे असंही ऐकलं होतं.

मिशिगनकाठ

@गोदाकाठची, बंद होता ते खरं. ऑगस्ट २०२३ मध्ये प्लाझाचं काम काढलं होतं, फरशी बदलणं, खाली पाणी झिरपू नये म्हणून वॉटरप्रूफिंग आणि नव्या पायऱ्या व रॅम्प. जून २०२४ मध्ये पुन्हा उघडला. आता मिशिगन अॅव्हेन्यूच्या बाजूने रॅम्पने वर जाता येतं. एल ट्रेनने (शहरातली लोकल रेल्वे) येणार असाल तर 'वॉशिंग्टन/वॉबॅश' स्टेशनवर उतरा. स्टेशन नवं आहे, लिफ्ट आहेत आणि तिथून पार्क हाकेच्या अंतरावर आहे. प्रवेश फुकट.

शनिवार-रविवार टाळा. मधल्या वारी सकाळी लवकर गेलात तर कमानीखाली निवांत उभं राहता येईल. सप्टेंबरात हवा छान असते, पण तळ्याकडून वारा येतो, सासूबाईंसाठी शाल असू द्या. मान वर करून फार वेळ बघवत नसेल तर पोटातल्या कडेच्या भिंतीजवळ उभं करा, तिथे समोर बघूनही बरंच दिसतं. आणि त्यांना काय वाटलं ते इथे येऊन नक्की लिहा, नानाकाकांच्या शंकेवर त्यांचं मत वाचायला मला आवडेल.